चिमटा पुढाऱ्याला, कळ साहेबाला

मार्च २०२५ मध्ये मुंबईत एका विनोदी कलाकाराने हिंदी सिनेगीताच्या चालीवर राज्यातल्या एका बड्या नेत्याचं विडंबन गायलं. कार्यक्रम झाला त्या जागेची तोडफोड झाली, कलाकारावर गुन्हा दाखल झाला. त्याच आठवड्यात, २८ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने एका खासदारावर गुजरातमध्ये कवितेपायी दाखल झालेला गुन्हा रद्द केला. तेव्हापासून आपल्याकडे टपरीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन वाक्यं आलटून पालटून ऐकू येतात. एक, ‘इंग्रजांच्या राज्यातसुद्धा असं नव्हतं.’ दुसरं, ‘हे सगळे इंग्रजांचेच कायदे आहेत.’ मराठवाड्यात त्याला तिसरं जोडलं जातं: ‘आपला काय संबंध? आपण तर निजामात होतो.’

तिन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत. उरलेली अर्धी समजून घ्यायची, तर पारतंत्र्यात लोक सत्तेची टिंगल नेमकी कशी करत होते हे पाहावं लागेल.

तीन शब्द, एकदाच

उपहास म्हणजे वरून हसणं आणि आतून ठपका ठेवणं. विडंबन म्हणजे दुसऱ्याची चाल, भाषा किंवा ढब उचलून तिच्यात आपला मजकूर भरणं. वक्रोक्ती म्हणजे बोलायचं एक आणि पोचवायचं दुसरं. प्राध्यापक मंडळी या तिघांत बारीक फरक करतात. आपण पुढे सरसकट उपहासच म्हणू.

हा उपहास चालतो कसा, ते सासुरवाशिणींना सांगायला नको. लेकी बोले, सुने लागे. सासू आपल्या लेकीला म्हणते, ‘काय गं, एवढा वेळ झोपतात का?’ आणि चुलीपाशी बसलेल्या सुनेच्या कानशिलावर ते बसतं. सुनेने उत्तर दिलं तर ‘तुला कोण बोललं?’ म्हणायला सासू मोकळी. पारतंत्र्यातल्या कवींनी सासूचं हे हत्यार सासूवरच उलटवलं. बोलले ते आपल्याच माणसांना: पुढाऱ्यांना, रावबहादुरांना, खानबहादुरांना, साहेबाच्या पंगतीत बसणाऱ्या वकिलांना. लागलं मात्र साहेबाला. आणि साहेबाने चिडून कारवाई केली, की टोपी त्याच्याच डोक्याच्या मापाची होती हे जगजाहीर झालं.

एका जेवणाची गोष्ट

अकबर इलाहाबादी (१८४६–१९२१) यांचा एक शेर आहे. निजामाच्या राज्यात उर्दू ही कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा होती. त्या शाळांतून शिकलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नसे. आपल्याला थोडा लागेल.

क़ौम के ग़म में डिनर खाते हैं हुक्काम के साथ
रंज लीडर को बहुत है मगर आराम के साथ

समाजाच्या दुःखाने व्याकूळ झालेला पुढारी अंमलदारांसोबत बसून जेवतो आहे. दुःख त्याला फार आहे, पण बेताबेताने, तब्येतीला सांभाळून. पहिल्या ओळीत ‘क़ौम के ग़म में’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं की आता उपास, मोर्चा, निदान एखादा हुंदका तरी येईल. येतं ते जेवणाचं ताट. दुसऱ्या ओळीतही तीच खेळी: ‘रंज बहुत है’ इथपर्यंत पुढाऱ्याची बाजू सांभाळली जाते आणि ‘मगर’वर पाय ओढला जातो.

आता या शेरात इंग्रज कुठे आहे ते शोधा. तो यजमान आहे. त्याच्यावर एकही आरोप नाही, त्याला एकही शिवी नाही. फिर्याद करायचीच झाली तर कुणी करायची? पुढाऱ्याने केली तर तो जेवला हे कबूल. अंमलदाराने केली तर आपण पुढाऱ्यांना जेवू घालून गप्प करतो हे कबूल. हा शेर वाचून मला आजही आपल्याकडची दुष्काळ पाहणी दौऱ्यांनंतरची विश्रामगृहं आठवतात, पण ते सोडा.

गंमत अशी की अकबर स्वतः सरकारी नोकरीत होते. ते ब्रिटिश न्यायखात्यात न्यायाधीश होते आणि ‘खानबहादूर’ ही सरकारी पदवीही त्यांच्याकडे होती. सरकारचा पगार घेणाऱ्याला सरकारवर थेट बोलता येत नव्हतं, म्हणून वाट वाकडी झाली, आणि त्या वाकडेपणातूनच शेराला धार आली. त्यांचं लेखन ज्या ‘अवध पंच’मध्ये येई ते पत्र मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ साली लखनौहून सुरू केलं. नमुना लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा. म्हणजे टिंगलीचा साचाही साहेबाच्याच घरून उचललेला.

‘इंग्रजांच्या राज्यातसुद्धा असं नव्हतं’

होतं. तारखा लावून पाहा.

१८७६ सालच्या जानेवारीत इंग्लंडचे युवराज कलकत्त्यात होते. जगदानंद मुखर्जी नावाच्या नामांकित वकिलाने त्यांना घरी बोलावलं आणि घरातल्या बायकांकडून ओवाळून घेतलं. शहरात कुजबुज झाली. महिन्या-दीड महिन्यात ग्रेट नॅशनल थिएटरने ‘गजदानंद’ नावाचा फार्स रंगमंचावर आणला. नावातल्या दोन अक्षरांची अदलाबदल केली, एवढंच. पोलिसांनी तो थांबवला, तेव्हा नाटकवाल्यांनी तोच मजकूर ‘हनुमान चरित्र’ या नावाने पुन्हा लावला. तेही बंद झालं. तेव्हा पोलीस आयुक्तांचं आडनाव होतं हॉग आणि अधीक्षकांचं लँब. इंग्रजीत एक डुकराच्या जातीतलं, दुसरं मेंढराचं. पुढच्या प्रहसनाचं नाव ठेवलं गेलं ‘द पोलीस ऑफ पिग अँड शीप’.

फेब्रुवारी संपता संपता व्हाइसरॉयने वटहुकूम काढला, आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा आला. एका वकिलाची टिंगल, त्यातून साऱ्या देशासाठी कायदा. इथेही चिमटा आपल्या माणसाला होता आणि कळ कुठे गेली ते उघड आहे.

त्याआधी १८७० साली दंडविधानात राजद्रोहाचं कलम १२४अ घातलं गेलं होतं. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा केला. तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने तर त्याच्या कचाट्यातून सुटायला आपली भाषाच बदलून इंग्रजी केली. तेव्हा ‘इंग्रज सहनशील होते’ या म्हणण्याला इतकीच पुस्ती जोडायची, की ते इंग्रजीतल्या टीकेबाबत बरेच सहनशील होते. मराठी, बंगाली, उर्दूत तेच लिहिलं की त्यांचं रक्त तापायचं, कारण ते लिखाण गावात वाचून दाखवलं जायचं. पुढचे व्हाइसरॉय रिपन यांनी १८८२ साली तो कायदा मागे घेतला. कलम १२४अ मात्र राहिलं.

कविता कोर्टात गेली की काय होतं?

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. त्यातलं राजकारण सगळ्यांना ठाऊक असतं. पुराव्यात एक कविता होती हे फारसं कुणी सांगत नाही. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली होती. महाराज जागे होतात, आपल्या मुलखाची दशा पाहतात आणि उद्वेगाने विचारतात की हे काय चाललं आहे. खाली नाव कुणा माणसाचं नाही. भवानी तलवारीची निशाणी.

कविता मराठीत, बोलणारे शिवाजी महाराज, ऐकणारे मराठी वाचक. इंग्रज यात तिसऱ्या घरचा. तरी ती इंग्रजीत भाषांतरित होऊन ज्यूरीपुढे गेली. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की सरकारबद्दल ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव. हे गणित फार सोयीचं होतं. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा ठरला, तर उपहास करणारा सुटणार कसा? हसणाऱ्याचं प्रेम कुणी सिद्ध करायचं? सहा युरोपीय ज्युरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्युरर निर्दोष म्हणाले. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, नाशिकचे बाबाराव सावरकर कवितांचं छोटं पुस्तक छापल्याबद्दल कोर्टात उभे राहिले. त्या कविता टिंगलीच्या नव्हत्या, आवेशाच्या होत्या. पण वळण तेच. देवांची स्तुती, पुराणातल्या लढाया, शिवकाल. बचाव असा की यात सध्याच्या सरकारचं नावही नाही. कोर्टाने पुराणाचा पडदा बाजूला सारला आणि म्हटलं की लिहिणाऱ्याला आजचं राज्यच अभिप्रेत आहे. शिक्षा जन्मठेप, काळं पाणी.

पुढच्याच वर्षी खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकाचे प्रयोग बंद पाडले गेले. द्रौपदीची विटंबना करणारा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखलं होतं आणि सरकारनेही. विराटाच्या दरबारातला सेनापती आपल्या व्हाइसरॉयसारखा दिसतो असं सरकारने जवळजवळ लेखी मान्य केलं! हा विनोद खाडिलकरांनाही सुचला नसता.

‘आपण तर निजामात होतो’

खरं आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होते. इंग्रजांचं दंडविधान इथे सरळ चालत नव्हतं. पण हैदराबादेत ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, बसलेला होता आणि १९१८ साली सातव्या निजामाला ब्रिटिश सरकारचा ‘विश्वासू मित्र’ ही पदवी मिळाली होती. म्हणजे इथल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर एक नव्हतं, दोन होती. निजामाला बोललं तर निजाम, आणि निजामाच्या पाठीराख्याला बोललं तरी निजामच पकडणार.

इथल्या मातीत उपहासाची रीत मात्र इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीची आहे. पैठणच्या एकनाथांची (१५३३–१५९९) ‘अर्जदस्त’ वाचा. अर्जदस्त म्हणजे वरिष्ठाला पाठवायचा सरकारी अर्ज, त्या काळच्या फारसी मिसळलेल्या कचेरीच्या भाषेत. नाथांनी तो शरीराच्या नावाने लिहिला. परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी, जिवाजी शेखदार, बुधाजी कारकून. आणि तक्रार कुणाची? दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी. हा दंभाजी कचेरीत येऊन जोम धरून बसतो. मनीराम देशमुख आपलं काम परभारे करून घेतो.

नाथांना सांगायचं होतं ते अध्यात्मच. त्यांना बंडखोर राजकीय कवी ठरवायची घाई करू नये. पण दंभाला शेटे आणि क्रोधाला नाईकवाडी केल्यावर ऐकणाऱ्या कुळवाड्याच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहत असेल? परंपरा सांगते की नाथांनी देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या हाताखाली हिशेब लिहिले होते. कचेरीची भाषा त्यांनी आतून पाहिलेली होती. सत्तेच्या कागदाचा नमुना जशाच्या तसा उचलायचा आणि मजकूर आपला घालायचा, ही युक्ती गावोगावच्या भारुडात तेव्हापासून मुरलेली आहे.

निजामी राजवटीत छापील उपहासाला जागा फार कमी होती. जाहीर सभेला आधी परवानगी लागे. त्यासाठीचं ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतं. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक १९३८ साली काढलं ते पुण्यातून. संस्थानात त्यावर बंदी आली की ते नवं नाव घेऊन पुन्हा येई. कलकत्त्याच्या नाटकवाल्यांचीच ही युक्ती, साठ वर्षांनंतर. त्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायचा हट्ट धरला आणि शेकड्यांनी मुलांना काढून टाकलं गेलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतलं. तिथे तर उपहासही नव्हता, नुसती प्रार्थनेतली एक कविता होती. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांवर लिहिल्यापायी हैदराबादेत हत्या झाली. ज्या राज्यात लिहिण्याची किंमत इतकी होती, तिथे टिंगल कागदावर कमी आणि तोंडावर जास्त राहणार हे उघड आहे. भारूड, गोंधळ, तमाशातली बतावणी यांचा एक मोठा फायदा असतो: पोलीस पाटील येताना दिसला की सोंगाड्या पुढचं वाक्य बदलू शकतो. छापलेल्या ओळीला ती सोय नाही.

‘पण कवितेने राज्य थोडंच जातं?’

नाही जात. अकबरांच्या शेराने एकाही पुढाऱ्याचं जेवण चुकलं नसेल. तरी सरकार या ओळींना किती मोजत होतं ते त्याच्याच कागदांत दिसतं. देशी वृत्तपत्रांत काय छापून येतं त्याचे इंग्रजी सारांश करणारे भाषांतरकार सरकारने नेमले होते आणि त्यांचे गोपनीय अहवाल नियमाने वर जात. विनोदी पत्रांतले चिमटेही त्यात येत. भाषांतरात विनोद मरतो. तो वरिष्ठाला समजावून सांगायचा म्हणजे अमुक गाढव म्हणजे आपण, असं लिहावं लागत असणार. त्या कारकुनांची मला दया येते. आज कितीतरी पत्रांचे मूळ अंक सापडत नाहीत आणि अभ्यासकांना त्यांतला मजकूर याच पाळतीच्या अहवालांतून मिळतो.

‘म्हणजे हे सगळे कवी शूर आणि पुरोगामी होते?’

मुळीच नाही, आणि हे बोललं गेलं पाहिजे. अकबरांनी साहेबाच्या पंगतीची टर उडवली तशीच पडदा सोडणाऱ्या बायकांचीही उडवली. अलीगढचे शिक्षणसुधारक सर सय्यद अहमद खान यांना त्यांनी वर्षानुवर्षं बोचकारलं; १८९८ साली सय्यद गेल्यावर मात्र ‘आमच्या नुसत्या गप्पा, सय्यद काम करत होता’ अशा अर्थाची ओळ लिहिली. जगदानंदांवरच्या फार्समागे राजनिष्ठेचा राग होताच, पण घरच्या बायका परपुरुषापुढे आल्या याचाही होता.

मराठीत तर हे हत्यार दोन्ही बाजूंच्या हाती होतं. जोतीराव फुले यांनी १८६९ साली विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पवाडा रचला. साहेबाचं खातं, पण गरिबाच्या पोराला शाळेत बसू न देणारा पंतोजी आपलाच, हे त्यांनी सरळ सांगितलं. उलट बाजूने विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या मराठीचीच, व्याकरणाचीच टिंगल केली. दोन्ही उपहासच. पण एक वरच्याला बोलतो आणि दुसरा खालच्याच्या बोलीला हसतो. माझ्या मते पहिल्यालाच कवित्वाचा मान द्यावा. दुसरं शाळेतल्या दांडगटांनाही जमतं.

मग ‘इंग्रजांचेच कायदे’ म्हणणाऱ्यांचं काय?

कलम १२४अ च्या वापराला सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. पण देशाच्या सार्वभौमत्वाला आणि एकतेला धोका पोचवणाऱ्या कृतींचं कलम १५२ आहे, आणि ते जुन्याचंच नवं रूप आहे असं अनेक कायदेपंडित म्हणतात. कवितांवरचे गुन्हे बहुधा दुसऱ्याच कलमांखाली नोंदले जातात: दोन समाजांत तेढ निर्माण करणे, भावना दुखावणे, बदनामी.

सुरुवातीला सांगितलेल्या गुजरात प्रकरणात असंच झालं. उर्दू कवितेचं भाषांतर न्यायालयापुढे आलं, न्यायमूर्तींनी ती ओळ न् ओळ वाचली आणि तिच्यात हिंसेची चिथावणी नसल्याचं सांगितलं. शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेने मोजायचा, तर खंबीर, धीट आणि समंजस माणसाच्या. जो टीकेत कायम धोकाच पाहतो अशा डळमळीत मनाच्या माणसाच्या नव्हे. ही कसोटी न्यायालयाने नव्याने घडवलेली नाही. ती नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी १९४० च्या दशकात, इंग्रज अजून इथे असतानाच, घालून दिली होती. म्हणजे इंग्रजी अमलाकडून आपल्याला स्ट्रॅचींची ‘अप्रीती’ही मिळाली आणि बोस यांची फूटपट्टीही. कुठली हातात घ्यायची ते ज्याच्या त्याच्यावर आहे.

गुजरात प्रकरणाच्या निकालात पोलिसांसाठी एक ठोस गोष्ट आहे, आणि ती बीड किंवा हिंगोलीच्या ठाण्यालाही तितकीच लागू आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३(३) नुसार, ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षा आहे, त्यात गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ही चौकशी करणंच योग्य, असं न्यायालय म्हणतं. तेव्हा एखाद्या वात्रटिकेने आमदारांच्या भावना दुखावल्या म्हणून कार्यकर्ते रात्री दहाला ठाण्यात जमले, तर ठाणेदाराला ‘आधी वाचून पाहतो’ असं कायद्याने म्हणता येतं.